कण्हाचा अंतेवासी बलक : रायगडच्या एका स्थपतीची एक ओळ

रायगड जिल्ह्यातील, म्हणजे 1981 पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, बौद्ध लेण्यांविषयी मराठीत जे लेखन होते त्यात एक ठरावीक क्रम आढळतो. प्रथम राजवंश, नंतर व्यापारी मार्ग, मग दात्यांची नावे आणि अखेरीस लेण्यांची मोजमापे. ज्याच्या हातात छिन्नी होती त्याचा उल्लेख बहुधा ‘अनामिक शिल्पकार’ एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. या दोन शब्दांबद्दल आमची तक्रार आहे. रायगडच्या भूमीवर निदान एका कारागिराने आपले नाव दगडावर ठेवले आहे. ते वाचले गेलेले आहे, छापले गेलेले आहे, आणि तरीही आमच्या लेखनात त्याला जागा मिळालेली नाही.

हे नाव कोंडाण्याचे. कोंडाणे समुद्रकाठी नाही. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यात ते आहे. मात्र कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या वाटांशी ते बांधलेले असल्यामुळे किनाऱ्याच्या इतिहासापासून त्याला वेगळे काढता येत नाही. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डावीकडे एका भव्य मूर्तीचे मस्तक तेवढे शिल्लक आहे. बाकीचा देह काळाच्या ओघात नाहीसा झाला. त्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा अंतेवासी बलक याने केले. जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही ओळ अभ्यासकांना परिचित आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील ती असावी, असे अक्षरांच्या वळणावरून सर्वसाधारणपणे मानले जाते.

एका स्थपतीचे चरित्र म्हणून आमच्या हाती आहे ते एवढेच. चार शब्द. त्यांपैकी दोन विशेषनामे सोडली तर उरतात ‘अंतेवासी’ आणि ‘कतं’. पालीच्या अभ्यासकाने या दोन शब्दांशी नीट बसले पाहिजे, कारण प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही.

प्रथम ‘कतं’. पालीत ‘करोति’ आणि ‘कारेति’ यांत भेद आहे. पहिल्याचा कर्ता स्वतः करतो, दुसऱ्याचा करवून घेतो. विनयपिटकात कुटी बांधण्यासंबंधीचा संघादिसेसाचा नियम आहे, तो कुटी करवून घेणाऱ्या भिक्खूला उद्देशून आहे आणि तेथील क्रियापद प्रयोजक आहे. नाशिकच्या लेण्यांतील सातवाहन कुळातील राजा कण्ह याच्या काळचा लेख पाहा. तेथे महामात्र म्हणतो की हे लेणे ‘कारित’ आहे. अधिकाऱ्याने ते करविले, केले नाही, आणि ते प्रांजळपणे तसेच लिहिले आहे. (नाशिकचा राजा कण्ह आणि कोंडाण्याचा आचार्य कण्ह एकच, असे सुचविण्याचा मोह काहींना होतो. नाव सारखे असण्यापलीकडे त्याला आधार नाही.) उलट कोंडाण्यास ‘कतं’ आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने हीच क्रिया वापरली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटचा वड्ढकी, म्हणजे सुतार, वेणुवासपुत्र सामी याने घराचे मुख ‘केले’ असे नोंदविले आहे. त्याच कार्ल्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे सांगून ते आपण पूर्णत्वास नेल्याचे नोंदवितो. श्रेष्ठीचे वाक्य मोठे आहे, सुताराचे लहान. पण सुताराच्या वाक्यात हाताचे काम आहे.

दात्यांचा शब्द वेगळाच असतो : ‘दान’ किंवा ‘देयधम्म’. दात्याने दिले, कारागिराने केले. दोन्ही क्रिया लेण्यात नांदतात, परंतु शिलालेखांच्या संख्येत पहिलीचे पारडे फारच जड आहे. म्हणूनच बलकाची ओळ मोलाची.

‘कतं’ हे नपुंसकलिंगी रूप आहे. मग बलकाने नेमके काय केले? मूर्ती, की संपूर्ण चैत्यगृह? ‘रूपं’ म्हणा, ‘लेणं’ म्हणा, ‘चेतियघरं’ म्हणा, तिन्ही शब्द नपुंसकलिंगीच. व्याकरण येथे निवाडा देत नाही. लेख मूर्तीजवळ आहे म्हणून तो मूर्तीपुरताच, असे अनेकांचे मत आहे आणि ते सावधपणाचे आहे. आमचे मत किंचित निराळे आहे. ही मूर्ती सुटी नाही. दर्शनी भागाचा तो एक अवयव आहे, कमानीच्या, वेदिकापट्ट्यांच्या आणि जाळीकामाच्या रचनेत तिची जागा आधीपासून राखून ठेवावी लागते. ज्याने ही मूर्ती कोरली तो दर्शनी भागाच्या योजनेबाहेरचा मनुष्य असणे कठीण. बलकाला संपूर्ण लेण्याचा स्थपती म्हणण्याइतका पुरावा नाही, हे मान्य. दर्शनी भागाच्या कर्त्यांपैकी एक, आणि आपले नाव देण्याइतका प्रमुख, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आता त्या कामाकडे पाहू. कोंडाण्याचा कर्ता लाकडाच्या घराची भाषा दगडात बोलतो. कमानीखालच्या वाशांची टोके, वेदिकेचे उभे-आडवे दांडे, जाळीची विणकाम केल्यासारखी नक्षी, हे सारे सुताराच्या सवयीचे आहे. शेजारच्या विहाराच्या छतालाही तुळया-वाशांचे रूप दिलेले आहे, ज्यांचा भार पेलण्याशी काडीचा संबंध नाही. यावरून पाश्चात्त्य लेखकांनी पूर्वी ‘नक्कल’ हा शब्द वापरला आणि आपल्याकडील लेखकांनी तो निमूटपणे उचलला. आम्हांस हा शब्द अपुरा वाटतो. लाकडाचे घर जोत्यापासून वर चढते. लेणे छतापासून खाली उतरते. डोंगराच्या अंगात वरून शिरायचे, छत आधी पुरे करायचे, मग खांबांची डोकी, मग त्यांची अंगे आणि शेवटी जमीन. पायाखालचा न खोदलेला खडक हाच परांचीचे काम देतो. खांब जेथे उभा राहायचा आहे तेथे एकदा घाव पडला की तो खांब पुन्हा जोडता येत नाही. सह्याद्रीचा काळा कठीण खडक चूक पोटात घालीत नाही. ज्याला शेवटची जमीन पहिल्या दिवशी डोळ्यांसमोर दिसते तोच हे काम हाती घेऊ शकतो. रूप लाकडाचे असले तरी बुद्धी सर्वस्वी दगडाची आहे. वेदिकापट्ट्यांमधल्या चौकटीतील धनुर्धारी पुरुष व त्यांच्या सोबतच्या स्त्रिया पाहा. अंगात चपळाई आहे, पावले जमिनीवरून उचललेली आहेत. भाज्याचा दर्शनी भाग गंभीर आहे, कोंडाण्याचा उल्हसित. पावसाळ्यात या लेण्यासमोर वरून पाण्याची धार कोसळते आणि आतील बहुतेक खांब खालून झिजून गेले आहेत. तरीही दर्शनी भागाचा तोल अजून कळतो.

दुसरा शब्द ‘अंतेवासी’. जवळ राहणारा, आचार्याच्या सान्निध्यात शिकणारा. आमच्या वाचकांस हा शब्द विनयामुळे परिचित आहे. महावग्गात आचार्याने अंतेवासिकाकडे पुत्राप्रमाणे आणि अंतेवासिकाने आचार्याकडे पित्याप्रमाणे पाहावे, असा उपदेश आहे. यावरून बलक हा भिक्खू होता व कण्ह हा त्याचा आचार्य भिक्खू, असे काहींनी गृहीत धरले. परंतु हा शब्द संघापुरता मर्यादित नाही. सिगालोवाद सुत्तातील दक्षिण दिशा म्हणजे आचार्य, आणि तेथील अंतेवासी गृहस्थच आहे. आचार्याने त्याला शिल्प, म्हणजे विद्या व कला, पूर्णपणे शिकवावी असे तेथे सांगितले आहे. कुसजातकात राजा आपली ओळख लपवून कुंभाराचा, बुरुडाचा, माळ्याचा अंतेवासिक होतो. तेव्हा उमेदवार कारागीर हा अर्थ पालीला पूर्णपणे मान्य आहे.

या दोहोंत निवड कशी करावी? येथे किनाऱ्यावरचे कुडे आमच्या मदतीस येते. तळा तालुक्यात मांदाडजवळ, राजपुरीच्या खाडीच्या माथ्यावर ही लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील लेखांची येथे रेलचेल आहे. त्यांत एक प्रव्रजिता पदुमनिका आहे. ती आपली आई नागनिका आणि आपले नातलग थेर भदंत पातिमित व आगिमित यांच्या नावांनी आपली ओळख देते, आणि बोधी व असाळ्हमिता या आपल्या दोन अंतेवासिनींसह लेणे व पाण्याची पोढी दान करते. या लेखात प्रव्रजितांना प्रव्रजित म्हटले आहे, थेरांना भदंत म्हटले आहे. संघातील व्यक्तीची ओळख देण्याची ही रीत अन्यत्रही आढळते. कोंडाण्याच्या ओळीत कण्हाला ना भदंत म्हटले आहे, ना थेर. बलकाला ना समण म्हटले आहे, ना प्रव्रजित. तेव्हा हे दोघे कारागीर गुरु-शिष्य असण्याची शक्यता आम्ही अधिक मानतो. निर्णायक म्हणत नाही, कारण अनुल्लेखावर उभारलेला तर्क नेहमीच लंगडा असतो.

हा तर्क स्वीकारला तर एक गोष्ट लक्ष वेधून घेते. कार्ल्याचा सामी आपली ओळख पित्याच्या नावाने देतो. बलक ती आचार्याच्या नावाने देतो. त्याने आपले कुळ सांगितले नाही, गाव सांगितले नाही, व्यवसायाचे नावही सांगितले नाही. आपण कोणाकडून शिकलो ते सांगितले. श्रम जन्मावरून वाटून दिले जातात आणि श्रमिकच एकमेकांपासून तोडले जातात, या ज्या व्यवस्थेवर बाबासाहेबांनी बोट ठेवले, तिच्या पार्श्वभूमीवर विद्येने स्वतःची ओळख देणारा हा मनुष्य आम्हांला जवळचा वाटतो. मात्र येथेच स्वतःला आवर घालणे जरूर आहे. आमच्याच काही लेखकांनी कण्ह म्हणजे काळा, काळा म्हणजे मूलनिवासी, म्हणून बलक अमुक जातीचा पूर्वज, अशी साखळी जोडलेली आम्ही वाचली आहे. ही साखळी एका कडीवरही उभी राहत नाही. कण्ह हे नाव राजाचेही होते. कुड्यात तर दात्यांमध्ये एका ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला आहे आणि तिने चैत्यगृह दिले आहे. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली असे सांगणाऱ्यांची आम्ही थट्टा करतो. मग पुरावा नसताना बलकाला जात चिकटवू नये. ज्याने ती सांगितली नाही त्याच्या गळ्यात दोन हजार वर्षांनी ती बांधणे ही त्याची सेवा नव्हे.

कुड्याकडे परत येऊ, कारण बलकाचे मोल कुड्याच्या मौनामुळे कळते. तेथे माळी आहे, वैद्य सोमदेव आहे, सार्थवाह आहे, श्रेष्ठी आहे, करहाकडचा म्हणजे कऱ्हाडचा लोहव्यापारी महिक आहे. महाभोज मांदव स्कंदपालित याच्या पदरी असलेल्या लेखकाचे कुटुंब आहे, आणि ते तर अत्यंत बोलके आहे. शिवभूती व त्याची पत्नी नंदा यांनी एक लेणे दिले. त्याचा धाकटा भाऊ शिवम याच्या लेखात पत्नी व पुत्रांच्या नावे ‘सेलरूपकम’, म्हणजे शैलरूपकर्म, दगडी मूर्तिकाम, नोंदले आहे आणि मुलींच्या नावे खांब नोंदले आहेत. कुटुंबातील लेकी-सुनांची नावे दगडावर आली याचा आम्हांस आनंदच आहे. त्या काळच्या उपासिकांचे समाजातील स्थान सांगणारा हा फार मोठा पुरावा आहे. पण ‘सेलरूपकम’ या शब्दापाशी आम्ही दरवेळी थबकतो. मूर्तिकामाला नाव आहे, ते देणाऱ्यांना नावे आहेत, करणाऱ्याला नाही. महाडजवळच्या गांधारपाल्याच्या लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, दोन्ही बाजूंस दोन पोढी आणि वाट यांची यादी इतकी काटेकोर दिली आहे की एखाद्या बांधकामाचे विवरणपत्र वाचावे. त्यातही स्थपती नाही.

कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहातील लेख हा सन्मान्य अपवाद. तेथे नवकम्मिक भिक्खू बोधिक याच्यासोबत ‘सेलवढकी’ म्हणजे पाथरवट यांचा, आणि त्यांच्या बरोबरीने इतर अनेक प्रकारच्या कामकऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांतील काही शब्दांचा अर्थ विद्वानांना अद्याप नीट लागलेला नाही. हे शब्द कामकऱ्यांच्या बोलीतून आले असावेत आणि ग्रंथांत शिरलेच नसावेत. श्रेष्ठी आणि सार्थवाह यांचे शब्द कोशांत सापडतात. घासून गुळगुळीत करणाऱ्याचा शब्द हरवतो.

नवकम्मिक हे पद कसे निर्माण झाले याची कथा चुल्लवग्गात आहे आणि ती आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. वैशालीत एका दरिद्री शिंप्याला वाटले, आपणही संघासाठी बांधकाम करावे. त्याने स्वतः माती मळली, विटा रचल्या, भिंत उभी केली. हात कसलेला नव्हता. भिंत वाकडी झाली आणि कोसळली. दुसऱ्यांदा कोसळली, तिसऱ्यांदाही. तेव्हा तो चिडला आणि उघडपणे म्हणू लागला की जे दान देतात त्यांना हे श्रमण उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर देखरेख ठेवतात; मी गरीब, मला कोणी सांगत नाही. ही तक्रार तथागतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला बोल लावला नाही. नवकम्म, म्हणजे नव्या बांधकामाची देखरेख, भिक्खूकडे सोपविण्याची अनुज्ञा दिली. पुढे लहान विहारास पाच-सहा वर्षे, अड्ढयोगास सात-आठ, मोठ्या विहारास किंवा प्रासादास दहा-बारा वर्षे अशी मुदतही ठरली. बौद्ध वास्तुव्यवस्थेचा पाया, विनयाच्या साक्षीने, एका गरीब शिंप्याच्या रागावर घातला गेला आहे.

आधुनिक काळाकडे वळलो की चित्र उलटे दिसते. याच रायगडच्या किनाऱ्यावर वास्तुविशारद नारी गांधी (1934-1993) यांनी घरे बांधली. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे काही वर्षे राहून आलेले, म्हणजे शब्दशः अंतेवासी. कामाचे तपशीलवार नकाशे न काढता, गवंडी-सुतारांबरोबर जागेवर उभे राहून ते घर वाढवीत नेत, असे त्यांच्या कामाविषयी सांगितले जाते. आज या घरांना त्यांच्या नावाने ओळखतात. कमानी उचलणाऱ्या गवंड्यांची नावे फारशी कोणी विचारीत नाही. कुड्याला दाता उरला, येथे स्थपती उरला. आणि आमच्यात काय उरते? नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. अशोक विजयादशमीला तेथे नतमस्तक होणाऱ्या लाखो बांधवांपैकी त्याचे वास्तुविशारद शेवदान मल हे नाव कितींना ठाऊक असेल?

काही वर्षांपूर्वी रोहे तालुक्यातील एका खेड्यात नव्या विहाराच्या उद्घाटनास आम्ही गेलो होतो. सांचीच्या तोरणाची सिमेंटमधील प्रतिकृती, आत चकचकीत फरशी, दारापाशी काळ्या ग्रॅनाइटचा फलक. फलकावर देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरलेली. विहाराचे छत मात्र खरोखर चांगले होते. वारा कोठून येतो आणि पाऊस कोठून मारतो हे जाणणाऱ्याने केलेले. गवंडी कोण, असे विचारले तेव्हा मंडपाच्या कडेला खुर्च्या मांडणाऱ्या एका मध्यमवयीन माणसाकडे बोट दाखविले गेले. त्याच वाडीतला, आपलाच बौद्ध बांधव. त्याचे नाव फलकावर का नाही, या प्रश्नास समितीच्या एका पदाधिकाऱ्याने सहज उत्तर दिले : ‘त्यानं मजुरी घेतली आहे.’ म्हणणाऱ्याच्या मनात काही दुष्टावा नव्हता. म्हणूनच ते वाक्य आम्हांस अधिक लागले. मजुरी घेतली म्हणजे नाव उरले नाही, हा हिशेब आम्ही कोणाकडून शिकलो? बलकानेही वेतन घेतले असेल. कण्हाने त्याला नाव ठेवू दिले, आणि ज्या संघासाठी ते चैत्यगृह होते त्या संघाने ते पुसले नाही.

सांचीचे तोरण सर्वत्र उभारण्याच्या हौसेविषयीही दोन शब्द. सांची आम्हांस वंदनीय आहे. परंतु ज्या जिल्ह्यात कुडे, गांधारपाले, कोंडाणे, चौल आहेत तेथील विहाराने माळव्याचे तोरण सिमेंटमध्ये ओतावे आणि स्वतःच्या डोंगरातील कमान, ओसरी, दगडी बाक, पाण्याची पोढी यांकडे पाहूही नये, हे आश्चर्याचे आहे. कोकणातील पावसाला ओसरी हवी. कुड्याच्या लेण्यांना ती आहे. मुंबईच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहत असताना बाबासाहेबांनी त्यात स्वतः लक्ष घातले होते. वास्तूचा विचार करणे हे त्यांना कमी दर्जाचे काम वाटले नाही.

आमच्या संस्थेत विहारांच्या नोंदी ठेवण्याची वही आहे. तीत स्थापनेचे वर्ष, भूमिदाता, उद्घाटक आणि समिती असे चार रकाने आहेत. पाचवा रकाना आम्ही आखून घेतला असून त्याचे शीर्षक ‘कतं’ असे ठेवले आहे. रायगड जिल्ह्यातील वाचकांनी आपल्या वाडीतील विहार कोणी बांधला, तो कोणाकडे शिकला, हे त्याला स्वतःला विचारून आम्हांस कळवावे. तो हयात नसेल तर त्याच्या घरी विचारावे. नाव, गाव आणि आचार्याचे नाव एवढे आले तरी पुरे.